नऊ वर्षं बिनपगारी शिकवणाऱ्या प्रोफेसरचं गणित आज प्रत्येक केमिकल इंजिनिअरला सोडवावं लागतं

केमिकल इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पोराला विचारा, सगळ्यात जास्त घाम कुठल्या विषयाने फोडला? बहुतेक जण एकच नाव घेतील. थर्मो.

थर्मो म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र. पहिल्या सेमिस्टरला ते तसं बरं वाटतं. वाफ, पिस्टन, इंजिन, दाब, तापमान, सगळं डोळ्यांसमोर दिसणारं. पण दुसऱ्या भागात मिश्रणं येतात आणि खेळ पालटतो. केमिकल पोटेन्शियल, फ्युगॅसिटी, फेज रूल, पानभर पार्शल डेरिव्हेटिव्ह. हॉस्टेलच्या खोलीत स्मिथ-व्हॅन नेसचं जाडजूड पुस्तक उघडून बसलेल्या पोराला कळत नाही की आपण उष्णता शिकतोय की गणित. केटी लागते ती बहुतेकदा इथेच.

आणि या सगळ्या पानांवर एक नाव सारखं डोकावत राहतं. गिब्ज फ्री एनर्जी. गिब्ज फेज रूल. गिब्ज-ड्युहेम समीकरण. गिब्ज-हेल्महोल्ट्झ समीकरण.

परीक्षेच्या आदल्या रात्री या गिब्जला शिव्या घालणारे हजारो असतील. पण हा माणूस नक्की होता कोण, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यात गंमत म्हणजे तो केमिकल इंजिनिअर नव्हता. तो केमिस्टही नव्हता. त्याची डॉक्टरेट होती गिअरच्या दातांवर, आणि त्याची पहिली नोकरी होती लॅटिन शिकवायची.

जोसाया विलार्ड गिब्जचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ चा. गाव न्यू हेवन, अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं. हे येल विद्यापीठाचं गाव. वडिलांचं नावही जोसाया विलार्ड गिब्ज. ते येलमध्ये धर्मग्रंथांचे प्राध्यापक होते आणि भाषांचे मोठे जाणकार.

या वडिलांचा एक किस्सा सांगायलाच हवा. मुलगा काही महिन्यांचा असताना आमिस्टाड नावाचं जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. गुलाम म्हणून विकलेल्या आफ्रिकन माणसांनी बंड करून ते जहाज ताब्यात घेतलं होतं. त्यांना पकडून न्यू हेवनच्या तुरुंगात ठेवलं, पण त्यांची भाषा कुणालाच कळेना. मग हे प्राध्यापक त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या बंदरावर जाऊन ते आकडे मोठ्याने म्हणत हिंडले. शेवटी ती मेंडे भाषा कळणारा जेम्स कोव्ही हा खलाशी सापडला. दुभाषी मिळाल्यामुळे त्या माणसांची बाजू कोर्टासमोर आली आणि १८४१ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना मुक्त केलं.

अवघड प्रश्न आला की गाजावाजा न करता त्याच्या मुळाशी जायचं. मुलानेही आयुष्यभर तेच केलं.

चार बहिणींत हा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून प्रकृती नाजूक आणि स्वभाव अबोल. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८५४ मध्ये, तो येलमध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षी आई गेली. १८५८ मध्ये तो पदवीधर झाला तेव्हा बक्षिसं होती दोन विषयांत, गणित आणि लॅटिन. १८६१ मध्ये वडीलही गेले.

१८६३ मध्ये गिब्जला डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेत इंजिनिअरिंगमध्ये दिली गेलेली ही पहिलीच पीएचडी. विषय होता, एकमेकांत अडकून फिरणाऱ्या चाकांच्या दातांचा आकार कसा असावा.

त्यानंतर तीन वर्षं त्याने येलमध्येच ट्यूटर म्हणून काम केलं. त्यातली दोन वर्षं लॅटिन शिकवण्यात गेली. मधल्या काळात रेल्वेच्या डब्यासाठी सुधारित ब्रेक बनवून १८६६ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. म्हणजे हात यंत्रांत बसलेला होता. हा माणूस कुठल्याशा कारखान्यात चांगला इंजिनिअर झाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

पण १८६६ मध्ये तो बहिणींसोबत युरोपला गेला.

तीन वर्षं तो तिकडे राहिला. पॅरिस, बर्लिन आणि हायडेलबर्ग. जगातले सगळ्यात मोठे गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा तिथे शिकवत होते. गिब्जने तिथे कुठलीही पदवी घेतली नाही की कुठला शोध लावला नाही. तो फक्त व्याख्यानं ऐकत राहिला, वाचत राहिला आणि टिपणं काढत राहिला. तिशीला आलेला, पीएचडी झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसला होता.

१८६९ मध्ये तो परतला आणि दोन वर्षांनी येलने त्याला गणितीय भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नेमलं. ऐकायला भारी पद. अडचण एवढीच की त्याला पगार नव्हता.

त्या वेळेपर्यंत गिब्जच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. या नव्या विषयाला विद्यार्थी मिळतील याचीही खात्री नव्हती. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशावर घर चालत होतं, म्हणून त्याने बिनपगारी काम पत्करलं. हे असंच पुढची नऊ वर्षं चाललं. आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं ते याच नऊ वर्षांत.

आता थोडं थर्मोबद्दल, कारण त्याशिवाय गिब्जने काय केलं ते कळणार नाही.

तेव्हाचं थर्मोडायनॅमिक्स म्हणजे मुख्यतः वाफेच्या इंजिनाचं शास्त्र. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्ये विचारलं होतं की इंजिनातून जास्तीत जास्त किती काम काढता येईल. पुढे जर्मनीच्या क्लॉसियसने दोन नियम नीट मांडले आणि १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हा शब्द दिला. पण ही एन्ट्रॉपी नक्की काय, यावर भल्याभल्यांचा गोंधळ होता.

किती गोंधळ? तर प्रकाश आणि वीजचुंबकत्वाची समीकरणं मांडणाऱ्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलनेसुद्धा उष्णतेवरच्या आपल्या पुस्तकात एन्ट्रॉपीचा अर्थ चुकवला होता. गिब्जचा निबंध वाचल्यावर त्याने पुढच्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त केली आणि तसं मान्यही केलं. त्यामुळे एन्ट्रॉपी पहिल्या वाचनात डोक्यावरून गेली तर आजच्या विद्यार्थ्याने फार मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

गिब्जचे पहिले दोन निबंध १८७३ मध्ये आले. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. पदार्थाची ऊर्जा, एन्ट्रॉपी आणि आकारमान या तीन गोष्टी घेऊन त्यांचा मिळून एक पृष्ठभाग कल्पायचा, डोंगरदऱ्यांच्या नकाशासारखा. मग पदार्थ घन कधी, द्रव कधी आणि वायू कधी हे त्या पृष्ठभागाच्या उतारावरून वाचता येतं, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याने हे छापलं कुठे, तर कनेटिकट अकॅडमीच्या नियतकालिकात. गावातल्या एका छोट्या विद्वान मंडळाचं हे प्रकाशन. युरोपात ते वाचणार कोण? म्हणून गिब्ज स्वतःच छापील प्रती जगभरातल्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवायचा.

त्यातली एक प्रत मॅक्सवेलच्या हाती पडली आणि तो इतका खूश झाला की त्याने पाण्यासारख्या पदार्थाचा तो पृष्ठभाग स्वतःच्या हाताने मातीत घडवला. त्यावरून प्लास्टरचे साचे काढले आणि एक थेट गिब्जला भेट पाठवला. तो आजही येलमध्ये जपून ठेवलेला आहे.

यानंतर आला तो निबंध, ज्याच्यामुळे केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांची झोप उडते.

१८७५ ते १८७८ या काळात दोन भागांत छापलेला, ३०० हून जास्त पानांचा आणि सुमारे ७०० समीकरणांचा. विषय होता, निरनिराळे पदार्थ एकत्र आले की त्यांच्यात समतोल कधी होतो. छपाईचा खर्च अकॅडमीच्या आवाक्याबाहेरचा होता. शेवटी गावातल्या प्राध्यापकांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. त्यातल्या बहुतेकांना मजकुरातलं अक्षरही कळण्यासारखं नव्हतं.

पण त्यात होतं काय?

पहिली गोष्ट, एखादी क्रिया आपोआप होईल की नाही हे ठरवायचं कसं. त्या काळी बऱ्याच केमिस्टांचा समज होता की ज्या क्रियेतून उष्णता बाहेर पडते तीच आपोआप घडते. मग बर्फाचं काय? उघड्यावर ठेवलेला बर्फ उष्णता शोषून घेतो, तरी आपोआप वितळतोच. गिब्जने दाखवलं की एकटी उष्णता बघून चालत नाही, एन्ट्रॉपीही बघावी लागते. दोन्हींचा हिशेब एकत्र करणारी एक राशी त्याने मांडली. तापमान आणि दाब कायम असेल तर ही राशी कमी होण्याच्या दिशेने क्रिया आपोआप चालते. ती आणखी कमी होऊ शकत नाही, तिथे समतोल. आज आपण तिला गिब्ज फ्री एनर्जी म्हणतो.

दुसरी गोष्ट म्हणजे केमिकल पोटेन्शियल. पाणी उंचावरून खाली वाहतं, उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते. तसंच पदार्थ कुठून कुठे जाणार हे ठरवणारी काहीतरी उंची असली पाहिजे. ती उंची म्हणजे केमिकल पोटेन्शियल. द्रवात आणि वाफेत एखाद्या घटकाची ही उंची सारखी झाली की त्याची ये-जा बरोबरीत येते. रिफायनरीत दिसणारे ते उंचच उंच डिस्टिलेशन टॉवर याच एका वाक्यावर उभे आहेत.

तिसरी गोष्ट, फेज रूल. आकाराने इवलासा, पण कामाला दणकट. घटक किती ते मोजा, त्यातून अवस्था किती ते वजा करा आणि दोन मिळवा. जे उत्तर येईल तेवढ्याच गोष्टी तुम्ही आपल्या मर्जीने ठरवू शकता.

घरचा कुकर घ्या. आत घटक एकच, पाणी. अवस्था दोन, पाणी आणि वाफ. एक वजा दोन अधिक दोन, उत्तर एक. म्हणजे दाब ठरला की तापमान आपोआप ठरलं. शिट्टीचं वजन दाब ठरवतं आणि आतलं पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं. गॅस कितीही मोठा करा, तापमान तेवढंच राहतं, फक्त शिट्ट्या लवकर होतात. आता बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदवायचे असतील तर उत्तर शून्य येतं. म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही. हे ०.०१ अंश सेल्सिअसला आणि एकाच ठरावीक दाबाला जमतं.

आणखी एक उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचं. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल काढतात. ते साध्या ऊर्ध्वपातनाने साधारण ९५-९६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं. पुढे कितीही उकळा, वाफेत आणि द्रवात इथेनॉलचं प्रमाण सारखंच राहतं आणि गाडी तिथेच अडते. मिश्रणाचा उत्कलनबिंदू जिथे टोकाला पोहोचतो तिथे दोन्हींचं प्रमाण सारखं होणार, हे गिब्जने त्या निबंधात आधीच लिहून ठेवलं होतं. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधलं उरलेलं पाणी काढायला वेगळी युक्ती करावी लागते.

एवढं सगळं लिहून झाल्यावर काय झालं? जवळजवळ काहीच नाही.

निबंध भयंकर अवघड होता. उदाहरणं कमी आणि प्रयोगांची आकडेवारी त्याहून कमी. केमिस्टांना गणित येत नव्हतं आणि गणितज्ञांना केमिस्ट्रीत रस नव्हता. ज्याला तो कळला आणि ज्याने इतरांना आग्रहाने सांगितला, तो मॅक्सवेल १८७९ मध्ये वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी वारला. तेव्हा गमतीने असं म्हटलं जायचं की गिब्जचं लिखाण समजणारा जगात एकच माणूस होता आणि तोही आता गेला.

नुकसान खरंखुरं झालं. १८८२ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने फ्री एनर्जीची कल्पना स्वतंत्रपणे मांडली, कारण गिब्जने हे आधीच केल्याचं त्याला माहीत नव्हतं. तरुण मॅक्स प्लँकने समतोलावर बरीच मेहनत केली आणि नंतर त्याला कळलं की यातलं बरंचसं अमेरिकेतल्या एका माणसाने आधीच सिद्ध करून ठेवलंय. जे काम छापून तयार होतं, त्यावर दुसऱ्यांची वर्षं पुन्हा खर्ची पडली.

इकडे पगाराचा प्रश्नही सुटला, पण तो वेगळ्याच वाटेने. १८८० च्या सुमारास बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने गिब्जला वर्षाला ३,००० डॉलरची नोकरी देऊ केली. तेव्हा कुठे येल जागं झालं. त्यांनी २,००० डॉलर देऊ केले. गिब्जने कमी पगार पत्करला आणि तो न्यू हेवनमध्येच राहिला.

त्याचं जगणं अगदी साधं होतं. लग्न केलं नाही. वडिलांनी बांधलेल्या घरात बहीण आणि मेहुण्याच्या कुटुंबासोबत राहिला. ज्या शाळेत शिकला तिच्या खजिनदारीचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. वर्गात विद्यार्थी मोजकेच असायचे. पण त्यांतला आयर्व्हिंग फिशर पुढे मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला आणि ली डी फॉरेस्ट रेडिओच्या व्हॅक्यूम ट्यूबसाठी ओळखला गेला. आज विज्ञान शाखेची मुलं व्हेक्टर ज्या पद्धतीने लिहितात, तीही बरीचशी गिब्जने आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या टिपणांतून आलेली आहे.

हळूहळू जगाला जाग आली. हॉलंडच्या रूझेबूमला पदार्थांच्या समतोलाचं कोडं सुटत नव्हतं. व्हॅन डर वाल्सने त्याला गिब्जच्या निबंधाकडे वळवलं आणि फेज रूल पहिल्यांदा प्रयोगशाळेत कामाला लागला. १८९२ मध्ये ऑस्टवाल्डने निबंधाचं जर्मन भाषांतर केलं आणि १८९९ मध्ये ल शातलिएने फ्रेंच. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने गिब्जला कोप्ली पदक दिलं. विज्ञानातला तेव्हाचा हा सगळ्यात मोठा मान.

१९०२ मध्ये त्याने स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सवरचं आपलं पुस्तक छापलं. असंख्य अणुरेणूंच्या गर्दीतून उष्णतेचे नियम कसे निघतात हे सांगणारं. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९०३ रोजी, थोड्याशा आजारपणानंतर तो न्यू हेवनमध्येच गेला. ज्या गावात जन्मला त्याच गावात, वयाच्या ६४ व्या वर्षी.

खरी कमाल त्याच्या मागे झाली.

१९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला त्याचा कारखाना उभा राहिला. हा सगळा खेळ समतोलाचा. तापमान कमी ठेवलं तर अमोनिया जास्त मिळू शकतो, पण क्रिया रेंगाळते. तापमान वाढवलं तर क्रिया पळते, पण अमोनिया कमी मिळतो. मग दाब वाढवायचा, कॅटॅलिस्ट टाकायचा आणि उरलेला वायू पुन्हा आत फिरवायचा. कुठल्या दाबाला आणि कुठल्या तापमानाला किती मिळेल, हे कारखाना बांधण्याआधी कागदावर सांगणारं शास्त्र म्हणजे हेच थर्मो. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळला खताचे कारखाने आहेत. तिथल्या युरियाच्या गोणीमागेही हाच हिशेब आहे.

१९२३ मध्ये लुईस आणि रँडल यांनी केमिस्टांना पचेल अशा भाषेत थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक लिहिलं आणि गिब्ज वर्गावर्गांत पोहोचला. फ्युगॅसिटी हा परीक्षेत छळणारा शब्दही याच लुईसचा. मिश्रणातल्या वायूंवर गिब्जचं गणित सोप्या रीतीने चालावं म्हणून त्याने तो काढला होता. म्हणजे विद्यार्थ्यांना जो सगळ्यात अवघड वाटतो, तो शब्द मुळात सोपं करण्यासाठी आला होता.

आता एक शेवटची गोष्ट. गिब्जने आपल्या निबंधात फ्री एनर्जीला स्वतःचं नाव दिलं नव्हतं. ग्रीक लिपीतलं झीटा हे साधं अक्षर वापरून तो पुढे गेला. तिला गिब्जच्या नावाचं पहिलं अक्षर लोकांनी नंतर लावलं, तो गेल्यावर. म्हणून आज माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजपासून जगातल्या कुठल्याही कॉलेजपर्यंत, समतोलाचं गणित सोडवायला बसलेला विद्यार्थी पहिलं अक्षर लिहितो ते जी.

ज्या प्रोफेसरला नऊ वर्षं पगार द्यावा असं कुणाला वाटलं नव्हतं, त्याच्या नावाचं ते अक्षर आहे.